चौथ्या जागेवरची इंदूमावशी

आषाढ पौर्णिमेला आमच्या आईनं खोटं बोलणं सोडलं, आणि श्रावण सरायच्या आत आमचा चांगला चालता धंदा बसला. आज हे मी हसत लिहितेय, पण तेव्हा घरात कोणी हसत नव्हतं. बाबा सोडून. बाबांना हसायला कारण लागायचं नाही. गिरणी बंद पडली त्या दिवशीसुद्धा घरी येऊन सायकल भिंतीला टेकवत ते म्हणाले होते, "चला, आता दुपारची झोप तरी भेटन!" आईनं त्यांच्याकडे जे पाहिलं, त्या नजरेनं दुसरा माणूस जागच्या जागी वाळून गेला असता. बाबा मात्र खरोखरच जाऊन झोपले.

धंदा म्हणजे डब्यांचा. नागपुरातल्या आमच्या वस्तीतून रेल्वेचे रूळ ओलांडले की धंतोली, आणि धंतोलीत पावलापावलाला दवाखाना. यवतमाळ, गोंदिया, गडचिरोली, कुठून कुठून पेशंट यायचे. पेशंट आत खाटेवर, आणि त्याची बायको, भाऊ, म्हातारी आई बाहेर झाडाखाली सतरंजी टाकून. या लोकांना हॉटेलातलं तिखटजाळ खाऊन खाऊन घरची आठवण यायची. बाबांनी एकदा अशाच एका ओळखीच्या माणसाला घरून डबा नेऊन दिला, त्याच्या शेजारच्यानं मागितला, आणि बघता बघता आमच्या स्वयंपाकघराची खानावळ झाली. आई भाजी, वरण, भात करायची. पेशंटसाठी मुगाचं मऊ वरण वेगळं. बाबा सायकलच्या हॅण्डलला दोन्ही बाजूंनी डबे लटकवून घंटी वाजवत निघायचे. आणि पोळ्या करायची इंदूमावशी.

इंदूमावशी म्हणजे आमची शेजारीण. दोन घरांत भिंत एकच, आणि मागच्या आंगणात कंबरेएवढी आडभिंत. तिचे मिस्टर रेल्वेत, पगार दर महिन्याला ठरल्या वेळी, तेव्हा पोळ्या लाटायची तिला काही गरज नव्हती. पण रिकामं बसलं की तिचं अंग दुखायचं. सकाळी तिच्या पोळपाटाचा आवाज सुरू व्हायचा, बांगड्यांचा आवाज त्यात मिसळायचा, आणि त्या सगळ्याच्या वर तिचं बोलणं. वस्तीच्या या टोकाला ती बोलली की त्या टोकाची माणसं उत्तर द्यायची. पोळी मात्र अशी करायची की दोन दिवसांनी खाल्ली तरी मऊ. टोपलीभर पोळ्या फडक्यात गुंडाळून आडभिंतीवरून आमच्याकडे यायच्या, फडकं उघडलं की वाफ तोंडावर यायची, आणि वरची एक पोळी गूळ-तूप लावून माझ्या पोटात जायची. अकरावीत होते मी. भूक लागायला मलाही कारण लागायचं नाही. त्या गुणात मी बाबांवर गेले होते.

तर त्या वर्षी वर्षावासासाठी आमच्या विहारात नवे भंतेजी आले. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचं असतं. रोज संध्याकाळी वंदना, मग प्रवचन. बाया पांढऱ्या साड्या नेसून पुढं बसायच्या, पुरुष मागं भिंतीला टेकून, आणि बाबा खांबाआड, म्हणजे डुलकी लागली तरी दिसू नये. हे भंतेजी वयानं तरुण होते, आणि अंगावर भिक्खूचं चीवर घ्यायच्या आधी कुठल्याशा शाळेत विज्ञान शिकवत असावेत, कारण त्यांना फळ्याशिवाय बोलताच यायचं नाही. विहारात दिवसा पोरांची शिकवणी चालायची, तिचा फळा त्यांनी ताब्यात घेतला. पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, "पंचशील तुम्ही सगळे रोज म्हणता. तोंडपाठ आहे. आता या पावसाळ्यात त्यातलं एकच निवडा आणि घरी, बाजारात, नळावर, चोवीस तास पाळून बघा."

कुणी दारूचं निवडलं, कारण ते तसेही पीत नव्हते. बाबांनी प्राणिहत्येचं निवडलं आणि ढेकणांना अभय दिलं. आईनं निवडलं मुसावादा, म्हणजे खोटं न बोलणं. आता आमच्या आईचा स्वभाव तुम्हाला सांगायला हवा. डॉक्टरनं जेवल्याबरोबर गोळी घ्या म्हटलं, की ती हात धुवायलाही थांबायची नाही. एकदा नियम घेतला म्हणजे घेतला. दुसऱ्या दिवसापासून घरात नुसता कहर. डब्याच्या गिऱ्हाइकानं विचारलं, "माय, भाजी ताजी आहे ना वं?" तर आई म्हणाली, "भाजी ताजी आहे. वांगे परवाचे आहेत." आत्या नवी साडी दाखवायला आली, ती चहा न घेता गेली. मी विचारलं, "आई, मी गणितात पास होईन ना?" तर पातेल्यातून मान वर न करता म्हणाली, "नाही. बाकीच्यात होशीन."

बाबा म्हणाले, "शांते, थोडं कमी खरं बोलत जाय बापा."

"कमी खरं कसं असते?" आईनं विचारलं. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

इथवर निभावलं असतं. पण एका रविवारी भंतेजींनी फळ्यावर मैत्री भावना मांडली. डोळे मिटून शांत बसायचं आणि एकेका माणसाला मनापासून शुभेच्छा द्यायच्या, सुखी होवो म्हणून. क्रमही त्यांनी खडूनं लिहून दिला. पहिल्या जागी आपण स्वतः. दुसऱ्या जागी आपल्या आवडीचं माणूस. तिसऱ्या जागी ज्याचं आपल्याला ना बरं ना वाईट असं कुणी, समजा दूधवाला. आणि चौथ्या जागी, भंतेजींनी खडू फळ्यावर टेकवून ठेवला, "ज्याचं नाव निघालं की तुमच्या कपाळाला आठी पडते, असा एक माणूस. त्याला सुखी होवो म्हणणं, हीच खरी परीक्षा." मग सगळ्यांनी डोळे मिटले. मी एक डोळा उघडा ठेवून पाहत होते. कपाळाकपाळांवर आठ्या पडायला लागल्या होत्या. विहार असा कधी दिसला नव्हता.

घरी परतताना आई, इंदूमावशी आणि मी चिखल चुकवत चाललो होतो. इंदूमावशी खुशीत होती. "मी तं बाई दुसऱ्या जागी तुलेच ठेवलं," ती आईला म्हणाली. "आता बहीण दूर कन्हानले, रोजची गोठ करायची तं तुह्यासंगंच. तू कोणाले ठेवलं वं?"

आई म्हणाली, "माह्या ताईले."

"बरं. मग मले नाही घेतलं काय कुठंच?"

आता इथं कुठल्याही शहाण्या बाईनं पदर सावरला असता, पावसाचं काढलं असतं, पोरीला उगाच दटावलं असतं. आई चालायची थांबली. मला तिचा चेहरा अजून दिसतो. सुटका शोधणाऱ्या माणसाचा नव्हता तो, शिक्षा ऐकायला उभ्या माणसाचा होता.

"घेतलं," ती म्हणाली. "चौथ्या."

इंदूमावशी आधी हसली. मग तिला फळा आठवला असावा. छत्री तिच्या हातात वाकडी झाली आणि पाणी सरळ माझ्या खांद्यावर. "असं काय," ती म्हणाली. "बरं झालं सांगितलं, शांताबाई. तुमच्या उद्यापासूनच्या पोळ्या तुम्ही पाहून घ्या."

शांताबाई! तुम्ही! वीस पावलांवर घर होतं, तोवर तिनं आईला इतका मान दिला की ऐकवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टोपली आली नाही. आईनं पोळ्या करायला घेतल्या, मी हाताशी. आईच्या हातचं वरण खाऊन पेशंट उठून बसायचे, पण पोळी तिला कधी जमलीच नाही. माझी तर नकाशाची वही. संध्याकाळी बाबा डबे परत घेऊन आले ते निम्मे तसेच. "म्हातारा म्हणे, मुलाचं ऑपरेशन झालं, दात माझे कायले काढून राहिले," बाबांनी निरोप सांगितला. आठवडाभरात झाडाखालची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळायला लागली. त्या महिन्यात माझी कॉलेजची फी याच डब्यांवर अवलंबून होती, आणि दोघांनी माझ्यासमोर तो विषय काढायचं बंद केलं, तेव्हा मला नीट कळलं की गोष्ट कुठवर आलीये.

तिकडे वस्तीत वेगळीच साथ पसरली. आई-इंदूमावशीचं झालेलं सगळीकडे कळलं, आणि जो तो आपल्या घरात विचारायला लागला, "तुह्यं चौथं कोण?" नवरे बायकांना, सुना सासवांना. एका घरी तर जावई जेवत्या ताटावरून उठला. विहारातली पांढरी रांग विरळ व्हायला लागली. भंतेजी घाबरे होऊन एका सकाळी आमच्याकडे भोजनाला आले. आईनं वाढलेल्या पोळीचा पहिला घास त्यांनी तोंडात घातला आणि डोळे मिटून इतका वेळ चावत बसले की बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "ध्यान करावं तं असं."

जेवण झाल्यावर भंतेजी म्हणाले, "ताई, नाव मनात ठेवायचं होतं."

"इंदूनं विचारलं ना. खोटं कसं सांगू?"

"खोटं सांगायचं नव्हतं. गप्प राहता आलं असतं."

आई त्यांच्याकडे पाहतच राहिली. "हे फळ्यावर नव्हतं," ती म्हणाली. भंतेजींनी मान खाली घातली. मला त्यांची दया आली. पुढं त्यांनी एवढंच विचारलं, की चौथ्या जागेचं तुम्ही अजून करता का? आई म्हणाली, "रोज करते. जमत नाही. पण करते."

हे मात्र खरं होतं, आणि सगळ्या गल्लीला माहीत होतं, कारण विहार सोडला तर आमच्या आईला मनातल्या मनात बोलता यायचं नाही. हिशेब, वाचन, काळजी, सगळं तोंडानं. आजकाल माझी मुलगी मोबाइलवर ध्यान लावते. कुणीतरी बाई इंग्रजीत सांगते, समुद्र ऐका. मी म्हणते, नागपुरात बसून समुद्र कुठला ऐकतेस गं, कूलर ऐक. पण लावते बिचारी रोज, आणि मला आईची सकाळ आठवते. आडभिंतीजवळ पाटावर बसून, डोळे गच्च मिटून, आई स्पष्ट आवाजात म्हणायची, "मी सुखी होवो. ताई सुखी होवो. दूधवाला सुखी होवो." मग एक मोठा श्वास. मग कडू काढा घशाखाली ढकलावा तसं, "इंदू… सुखी होवो."

आणि भिंतीपलीकडून भांडं आपटल्याचा आवाज. "नाही व्हायचं मले सुखी!"

असं रोज. कधी, "शेजारच्यांनी हळू बोलावं, इथं माणसं झोपून राहिले," तर कधी नुसतं खाकरणं. मी शाळकरी पोरीसारखी तोंडात ओढणी कोंबून हसायचे. आई थांबली नाही. तिनं आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. एक दिवस मात्र तिच्या तोंडून "इंदू" आलं आणि पुढचं आलंच नाही. मी मागच्या दारातून पाहिलं तर आई डोळे उघडून भिंतीकडे बघत होती. पलीकडे इंदूमावशी उभी. किती वेळची उभी होती कोण जाणे. हाताला पीठ होतं.

"शांते," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. "काहून वं? काय केलं मी तुह्यं?"

मला वाटलं, आता तरी आई गप्प राहील, भंतेजींनी शिकवलंय. पण विचारणारीच्या आवाजात भांडण नव्हतं, आणि आईला ते माझ्याआधी कळलं.

"गिरणी बंद झाली तेव्हा तू रोज या भिंतीवरून वरणाचा गंज द्यायची," आई म्हणाली. "पोरगी खायची. मी पण खाल्लं. मग एक दिवस मी नळावर गेली तं साऱ्या बाया चुप झाल्या. एकीनं विचारलं, आज इंदूनं काय धाडलं वं तुमच्या इथं? तू साऱ्या गल्लीले सांगून ठेवलं होतं, शांताच्या घरी चूल नाही पेटून राहिली म्हणून. तवापासून मी गर्दी सरल्यावरच नळावर जाते. तुले कधी दिसलं नाही ते."

त्या गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, वरण मला आठवत होतं. हिंग आणि लसणाची फोडणी, वरून सांबार, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. मला ते इतकं आवडायचं की गिरणी सुरू होऊ नये असंही एकदा वाटून गेलं होतं. आणि आई रिकाम्या नळावर रिकाम्या वेळी का जाते, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

इंदूमावशी हातावरचं पीठ चोळत राहिली. सफाई देईल, रडेल, उलटून बोलेल, यातलं काही झालं नाही. "सांगितलं मी," ती म्हणाली. "मले मोठं वाटे वं. कोणाले तरी खाऊ घालून राहिली, हे कोणीतरी पाहावं असं वाटे." मग, "वरण मात्र मी मनापासून करत होती."

"माहीत आहे," आई म्हणाली. "म्हणून तं जास्त लागलं."

इंदूमावशी आत निघून गेली. झालं, मी म्हटलं, आता संपलंच. आईही तशीच उठली आणि परातीत कणीक ओढून मळायला बसली, इतक्या जोरानं की परात जमिनीवर फिरायला लागली.

दुपारी नळाला पाणी यायच्या जरा आधी, गल्लीत बादल्यांची रांग लागलेली असताना, आमचं पुढचं दार वाजलं. इंदूमावशी आमच्याकडे पुढच्या दारानं कधी यायचीच नाही. तिचा रस्ता आडभिंतीवरून. आज ती चपला घालून, साऱ्या रांगेसमोरून चालत, पुढच्या दारानं आली आणि चौकटीत उभी राहून, तिच्या त्या गल्लीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "शांते, भूक लागली वं. जेवाले वाढ."

आईनं वाढलं. वांग्याची भाजी, वरण, भात आणि तिची ती जाड पोळी. इंदूमावशी मांडी घालून बसली आणि खाली मान घालून जेवली. पोळीला काही म्हणाली नाही, आणि तिच्यासाठी ते सोपं नसणार. भाजी पुन्हा मागून घेतली. ताट स्वच्छ केलं, तांब्याभर पाणी प्यायली आणि उठून सरळ नळावर गेली. आई दारात. मी आईच्या मागं.

"काय वं इंदे, इकडं कशी?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"जेवाले गेली होती," इंदूमावशी म्हणाली. कुणालाच ऐकू आलं नाही असं होऊ नये म्हणून तिनं मागं वळूनही सांगितलं. "माह्या घरी आज चूल नाही पेटली. शांतानं वाढलं म्हणून पोटात गेलं."

बादलीत पडणारं पाणी तेवढं वाजत होतं. मला रडू फुटलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं, आज येतं. जी बाई आयुष्यभर दुसऱ्याला वाढल्याचा डौल मिरवत आली, तिनं त्याच बायांसमोर स्वतःला उपाशी म्हणवून घेतलं होतं. माफी मागणं त्यापेक्षा सोपं होतं.

पण वस्तीतल्या बाया काय कमी! एकीनं मान वर करून इंदूमावशीच्या घराकडे पाहिलं. तिच्या कौलांवरून निवांत धूर निघत होता. तिचे मिस्टर ड्यूटीवरून आले होते आणि आंघोळीचं पाणी तापत होतं. त्या बाईनं धुराकडे पाहिलं, मग दारात उभ्या आमच्या आईकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आई खोटं बोलत नाही हे एव्हाना साऱ्या वस्तीला ठाऊक होतं.

"काय वं शांताबाई," तिनं विचारलं, "खरं काय हे? चूल नाही पेटली इंदूच्या घरी?"

आईला धूर दिसत होता. इंदूमावशी नळाशी पाठमोरी उभी, वळली नाही.

"जेवली ना माह्या घरी," आई म्हणाली. "भाजी दोनदा घेतली."

मग तिनं आत येऊन बादली उचलली आणि भर गर्दीत, बायांच्या रांगेत, इंदूमावशीच्या मागं जाऊन उभी राहिली.